कोणती कविता ऑप्शनला टाकू?

सदाशिव पेठ, पुणे

प्रिय सुधीर,

तुझ्या लेकीचा निरोप मिळाला. "काका, यंदा दहावीच्या मराठीच्या पेपरात कोणती कविता येणार?" डिसेंबर उजाडला की माझ्या वर्गातली पोरंही हेच विचारतात. अप्पा बळवंत चौकातून 'अपेक्षित' प्रश्नांचं गाईड आणायचं, गेल्या वर्षी आलेली कविता यंदा येत नाही असं धरून ती ऑप्शनला टाकायची, की झाली तयारी! तसा कुठलाही नियम नाही, हे तिला आधी सांग.

कविता ओळखता येत नाही, प्रश्न मात्र ठरलेला असतो. कुमारभारतीच्या, म्हणजे दहावीच्या मराठीच्या, 80 गुणांच्या पेपरात पद्याला 16. त्यातले 8 आकलनाच्या कृतींचे, आणि तिथे कविता पेपरातच छापलेली असते. मग घोकंपट्टी कशाला? रसग्रहणाचे 4, त्याच्याही ओळी समोरच असतात. पाठांतर लागतं ते उरलेल्या 4 गुणांना. दोन कवितांची नावं देतात, त्यातली एक निवडून कवी, विषय, ओळींचा अर्थ असं मुद्द्यांवर लिहायचं. इथे एखाद-दुसरी कविता कच्ची राहिली तरी निभावतं. ऑप्शनची हौस तिनं इथेच भागवावी.

खरी गाडी अडते रसग्रहणात. बरीच मुलं सरळ अर्थ लिहून मोकळी होतात. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्यं, तिन्ही यायला हवीत. मोरोपंतांचं 'भरतवाक्य' घे. ते 'केकावली'तलं, पृथ्वी वृत्तातलं. तिला चालीत, मोठ्यानं म्हणायला लाव. नाद कुठून येतो ते तिचं तिलाच सापडेल. आता धामणस्करांची 'वस्तू' घे. ती मुक्तछंदातली, म्हणजे यमकाचं बंधन नसलेली, साध्या बोलण्यासारखी. निर्जीव वस्तूंनाही भावना असाव्यात असं समजून कवी त्यांच्याशी कसं वागावं ते सांगतो. या दोन्हींच्या रसग्रहणात "यमकामुळे कवितेला गेयता आली आहे" हे एकच तयार वाक्य डकवलेलं मी दर वर्षी वाचतो. (गाईडवाल्यांचं काय जातं!) तपासणाऱ्याला ते पहिल्या ओळीतच कळतं.

तेव्हा रोज एका कवितेतल्या कुठल्याही दोन ओळी घ्यायच्या, पुस्तक मिटायचं आणि आठ-दहा वाक्यं स्वतःच्या शब्दांत लिहायची. अशी तीन-चार रसग्रहणं फोटो काढून मला पाठवू दे, लाल पेन तयारच आहे. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनय