तिथी बघून या

रत्नागिरी

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

बाबा, पाटीलकाकांना घेऊन इकडे धक्क्यावर गळ टाकायला यायचं म्हणताय, तर वार बघू नका, तिथी बघा. पंचगंगेच्या घाटावर कधीही गेलं तरी चालतं. इथे सहा तासांत पाणी उतरून खडक उघडे पडतात. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. म्हणजे चतुर्थीला तीनच्या आसपास. थोडं मागेपुढे होतं, पण बेत आखायला पुरतं. साडेबाराला सुरुवात केलीत तर चढतं पाणी मिळेल, मासा तेव्हाच धक्क्याच्या खांबांशी चरायला येतो. भरती पुरी झाली की पाणी थबकतं, तेवढ्यात डबा खाऊन घ्या. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ इतकी की शिसं जागेवर राहत नाही. आणि पावसाळ्यात तर विषयच नको.

नदीवरची ०.२५ मि.मी.ची तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, इथे मुख्य दोरीला चालणार नाही, ०.४० ची घ्या. टोकाला ६० ग्रॅमचं शिसं, त्याच्या हातभर वर बाजूला वीतभर तंगूस काढून त्याला १ नंबरची गरी, म्हणजे गळाचा आकडा. गरी तळापासून वर राहिली की खेकडे आमिष पळवत नाहीत. जुनी ०.२५ ची टाकू नका मात्र, शिसं तिनेच बांधा. खडकात बहुतेक वेळा शिसंच अडकतं. ओढलं की तेवढंच तुटतं, बाकी सगळं हाती येतं. गाठीला पाच वेढे द्या आणि आवळण्याआधी थुंकी लावा, कोरडा नायलॉन घासून तापतो आणि नेमका गाठीत तुटतो.

कणकेचा गोळा लाटांत टिकत नाही. मिरकरवाडा बंदरातून पाव किलो ताजी कोळंबी घ्या, दोघांना पुरते. डोकं काढून शेपटीकडून गरीत ओवा, गरीचं टोक उघडं राहू द्या. कोळंबी फडक्यात गुंडाळून बर्फावर ठेवा. गोड्या पाण्यात भिजली की मऊ पडते आणि फेकतानाच गळून जाते.

नुसत्या टकटकीला झटका देऊ नका, काठी वाकली की उचला. तांबोशी लागली तर ढील नको, ती सरळ खांबात घुसते. मोठा मासा दोरीने वर खेचू नका, तोंड फाटून पडतो. दोराला बांधलेली गोल झोळी खाली सोडून त्यात घ्या.

दोन मासे ओळखून ठेवा. दोरी कातरीने कापल्यासारखी आली तर तो केंड. फुगतो म्हणून गंमत वाटते, पण त्याचं विष शिजवूनही जात नाही, तो खायचा नाहीच. दुसरी शेंगटी. पाठीवर एक आणि कल्ल्यांमागे दोन असे तीन काटे असतात, म्हणून गरी सोडवायला पक्कड लागते. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवायचा आणि मग डॉक्टरकडे. पाटीलकाकांना साखरेचा त्रास आहे, त्यांनी शेंगटीला हातच लावू नये.

आई, आंबा घाटातून घरी यायला तीन-साडेतीन तास धर. मासे इथेच पोटं काढून, जितके मासे तितकाच बर्फ घालून देते. डब्यातलं बर्फाचं वितळलेलं पाणी वाटेत एकदा काढायला बाबांना सांग, त्या पाण्यात मासा मऊ पडतो. आणि रीळ घरी आल्या आल्या गोड्या पाण्याने धुवायला लाव, मीठ सुकलं की दांडा फिरत नाही.

तुमची,
मनीषा