रिक्तिकेच्या पटलापर्यंत नेणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. जर्मनीतल्या प्रयोगशाळेत आठवडाभर राबून तुम्ही रविवारची दुपार एका अनोळखी एम.एस्सी.च्या मुलीला देत राहिलात. माझ्या प्रबंधाचा विषय होता मॉस आणि लिव्हरवर्ट या बिनफुलांच्या इवल्या वनस्पतींच्या रिक्तिकेच्या (पेशीतल्या द्रवाने भरलेल्या पिशवीच्या) पटलातले आयन चॅनेल, म्हणजे विद्युतभारित कणांना वाट देणारी प्रथिनांची दारं. आमच्या कॉलेजात पॅच क्लँपचं, म्हणजे पटलाच्या इवल्या तुकड्यातून जाणारा विद्युतप्रवाह मोजायचं यंत्र नाही, ते चालवलेलं कुणी ओळखीतही नव्हतं.

बी.एस्सी.ला आम्ही रिक्सिया, मार्कांशिया ही लिव्हरवर्ट आणि फ्युनारिया हे मॉस यांची जीवनचक्रं वहीभर काढली होती. महाबळेश्वरच्या सहलीत ओल्या दरडींवरून नमुने आणले होते. जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवलं जाणारं फिस्कोमिट्रियम हे मॉस त्याच फ्युनारियाच्या कुळातलं आहे, हे तुम्ही पहिल्याच बोलण्यात सांगितलंत. त्याचा सर्वाधिक वापरला जाणारा वाण १९६२ मध्ये इंग्लंडच्या ग्रॅन्सडन वूडमधून आणलेला, आणि त्याचा जीनोम २००८ मध्ये वाचून झाला. एवढ्याने माझी भीती निम्मी गेली. मी परक्या प्रांतात शिरले नव्हते.

मग तुम्ही मला शोधनिबंधांचे सारांश वाचायला बंदी केलीत. ‘आधी आलेख बघ’ म्हणालात आणि एकाच चॅनेलच्या विद्युतप्रवाहाची मूळ नोंद पाठवलीत. तिचा प्रिंट काढून मी पट्टीने एकेक पायरी मोजली. चॅनेल उघडला की रेघ एक पायरी चढते, मिटला की उतरते. ५० मिलिव्होल्टला ४ पिकोअँपिअर, म्हणजे वाहकता ८० पिकोसीमेन्स. एका प्रथिनाच्या रेणूचं उघडणं-मिटणं मी कागदावर पट्टी ठेवून मोजत होते! पॅच क्लँप तंत्र घडवणाऱ्या नेहर आणि साकमान यांना १९९१ चं नोबेल कशासाठी मिळालं, हे मला त्या दुपारी कळलं.

त्याच नेहर यांनी राइनर हेडरिश यांच्यासोबत १९८७ मध्ये शुगरबीटच्या रिक्तिकांवर हे तंत्र वापरलं आणि पेशीद्रव्यातल्या कॅल्शियमच्या इशाऱ्यावर, पण सावकाश उघडणारा चॅनेल दाखवला. तोच एसव्ही (स्लो व्हॅक्युओलर) चॅनेल. त्याच्या आलेखांशी मी झगडत होते, कारण जुन्या लेखांत अधिक-उणे चिन्हं एकसारखी नव्हती. तुम्ही सांगितलंत की १९९२ मध्ये संशोधकांनी मिळून संकेत ठरवला: रिक्तिकेची आतली बाजू शून्य धरायची आणि पेशीद्रव्याचा विभव तिच्या तुलनेत सांगायचा. त्यानंतर प्रत्येक आकृतीशेजारी तुम्ही माझ्याकडून बाण काढून घेतलात, पोटॅशियम कुठून कुठे जातंय ते दाखवणारा. बाण काढल्याशिवाय पुढचं पान नाही. ही शिस्त मला कुठल्याही पुस्तकाने दिली नसती.

आणि तुम्ही वाद लपवला नाहीत, याचे आभार वेगळे मानते. पेशीद्रव्यातलं कॅल्शियम वाढलं की एसव्ही उघडतो, रिक्तिकेतलं कॅल्शियम मात्र त्याला दाबून धरतं. मग तो रिक्तिकेतलं कॅल्शियम बाहेर सोडतो का? १९९४ मध्ये वॉर्ड आणि श्रोडर यांनी ‘हो’ म्हणण्याजोगा पुरावा मांडला, तर १९९७ मध्ये पोटोसिन आणि सहकाऱ्यांनी शंका घेतली. २००५ मध्ये प्रयोगशाळांच्या लाडक्या छोट्या फुलझाडात, म्हणजे अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये टीपीसी१ (टू-पोअर चॅनेल १) हे त्याचं जनुक सापडलं, तरी तो प्रश्न मिटला नाही. तुम्ही दोन्ही बाजूंचे लेख पाठवलेत आणि तुमचं मत मी माझं लिहून काढेपर्यंत सांगितलं नाहीत.

पोलंडमधल्या लुब्लिनच्या गटाचं काम मी तुमच्यामुळेच नीट वाचलं. त्यांनी २०१३ मध्ये फिस्कोमिट्रियमच्या रिक्तिकांवरची पॅच क्लँप मोजमापं छापली. मला सगळ्यात आवडतो तो त्यांचा जपानी सहकाऱ्यांबरोबरचा मार्कांशियावरचा २०२२ चा अभ्यास. अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये टीपीसीचं एकच जनुक, मार्कांशियात तीन (पहिलं फुलझाडांतल्यासारखं, म्हणजे पहिल्या प्रकारचं, बाकी दोन दुसऱ्या प्रकारची), आणि तिन्हींची प्रथिनं रिक्तिकेच्याच पटलात. त्यांनी ती जनुकं निकामी केलेली रोपं तयार करून त्यांच्या रिक्तिका मोजल्या. पहिलं निकामी केलं तर एसव्हीचा प्रवाह नाहीसा. दुसरं, तिसरं, किंवा दोन्ही मिळून निकामी केली तरी प्रवाह पूर्वीसारखाच. शिवाय प्राण्यांच्या टीपीसींना चेतवणारी द्रव्यं इथे निष्प्रभ ठरली. इतका स्वच्छ निकाल जीवशास्त्रात क्वचित वाचायला मिळतो.

तोंडी परीक्षेत मला विचारलं गेलं, ‘ना पीक, ना औषध, मॉसच्या रिक्तिकेत एवढं काय आहे?’ मी याच अभ्यासाचं उत्तर दिलं. या वनस्पतींची आणि फुलझाडांची वाट चाळीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळी झाली. दोन्हीकडे एसव्हीचं काम पहिल्याच प्रकारचं टीपीसी करत असेल, तर ती व्यवस्था जमिनीवर आलेल्या त्यांच्या सामाईक पूर्वजाकडेही असणार. ज्वारीच्या पेशीत काय जुनं आणि काय नवं, हे नुसती ज्वारी पाहून सांगता येत नाही.

एक आभार राहिलेच. यंत्र नसलं म्हणून रिक्तिका बघायची नाही असं थोडंच आहे, म्हणालात. ऱ्हिओ या बागेतल्या झाडाच्या पानाची जांभळी साल साखरेच्या दाट द्रावणात ठेव, प्रद्रव्य आक्रसलं की ब्लेडने काप, मग द्रावण हळूहळू पातळ कर. बऱ्याच खटपटीनंतर कापलेल्या भित्तिकेतून एक जांभळा गोळा बाहेर सरकला आणि द्रावणात मोकळा तरंगू लागला. पेशीचा बहुतेक अवकाश व्यापणारा तो भाग आकृत्यांत मी कायम रिकामा सोडत आले होते.

आता मी तासिका तत्त्वावर शिकवते. टी.वाय.च्या मुलांना तुमची ती नोंद आणि पट्टी देते, बाणही काढायला लावते. परवा एका मुलीने विचारलं, ‘दुसऱ्या प्रकारचं टीपीसी मार्कांशियात टिकलं, मग फुलझाडांसारख्या बहुतेक संवहनी वनस्पतींनी ते का गमावलं?’ तिला मी तुमचा नंबर दिला आहे. रविवारी दुपारी फोन येईल.

तुमची,
एक विद्यार्थिनी