आकाशातून पडलेल्या गोळ्याचा पंचनामा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कुठल्या तरी देशाच्या रॉकेटचा टप्पा (काम संपल्यावर सुटून वेगळा होणारा भाग) जळत खाली येतो आहे, अशी बातमी आता वारंवार येते. दोन दिवस चर्चा होते आणि विषय मागे पडतो. बडोद्याच्या वाचकांना तरी तो मागे टाकता येणार नाही. १२ मे २०२२ रोजी शेजारच्या आणंद जिल्ह्यात भालेज, खंभोळज आणि रामपुरा या गावांत धातूचे पोकळ गोळे पडले, लगेच खेडा जिल्ह्यातूनही तशीच खबर आली. त्याआधी २ एप्रिलला, ऐन गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेशातल्या लोकांनी आकाशात जळत जाणारी रेघ पाहिली होती. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला सुमारे तीन मीटर व्यासाचे कडेच सापडले. दोन्ही वेळा अभ्यासकांनी बोट दाखवले ते चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटच्या टप्प्याकडे. कोणाला इजा झाली नाही, हे आपले नशीब.

पण नशिबावर किती दिवस काढायचे? अशा तुकड्याची जबाबदारी कोणाची, हे आंतरराष्ट्रीय करारांत पन्नास वर्षांपासून लिहिलेले आहे. ती जबाबदारी वसूल करण्याची तयारी गावपातळीवर नाही आणि दिल्लीतही पुरेशी नाही, एवढे सांगण्यासाठी हे पत्र.

आधी गोळेच का पडतात ते पाहू. रॉकेटच्या टाक्यांतले इंधन दाबाने पुढे ढकलण्यासाठी हेलियमसारखा वायू दोनशे-तीनशे पट वातावरणीय दाबाने गोल टाकीत भरलेला असतो. ही टाकी बहुधा टायटॅनियमची असते, किंवा धातूच्या अस्तरावर कार्बनचे धागे गुंडाळलेली. टप्प्याचे ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला वितळते, टायटॅनियमला १६६८ अंश लागतात. शिवाय गोळा पोकळ आणि हलका असल्याने विरळ हवेतच त्याचा वेग मोडतो, म्हणून तो तापतो कमी आणि जवळजवळ अखंड जमिनीवर येतो. पाचेक किलोचा, दीड फूट व्यासाचा गोळा शेवटी ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास वेगाने आदळतो. कौलारू घराला किंवा शेतात वाकलेल्या माणसाला तेवढे पुरते.

तो कुठे पडेल हे आधी का सांगत नाहीत, असे लोक रागाने विचारतात. त्यामागे लपवाछपवी नसते. सूर्याच्या कमी-जास्त उष्णतेने वरची हवा फुगते-आकसते, टप्पा गडगडत असतो आणि त्याला होणारा विरोध क्षणोक्षणी बदलतो. उरलेल्या वेळाच्या सुमारे वीस टक्के चूक धरावीच लागते. म्हणजे पाच तास आधी केलेल्या अंदाजात एक तास इकडे किंवा तिकडे. कक्षेतला वेग ताशी २८,००० किलोमीटर असल्याने तेवढ्या तासात टप्पा पृथ्वीची सुमारे दोन-तृतीयांश प्रदक्षिणा करतो. त्यामुळे खात्रीचा उपाय एकच: थोडे इंधन राखून टप्पा ठरवून निर्मनुष्य समुद्रात उतरवणे. इंधन राखले की उपग्रहाचे वजन कमी करावे लागते. सगळी टाळाटाळ तिथून सुरू होते.

आता कायदा. १९७२च्या दायित्व करारानुसार, अंतराळातल्या वस्तूने जमिनीवर किंवा उडत्या विमानाला नुकसान केले तर ती सोडणारा देश पूर्णपणे जबाबदार असतो, त्याची चूक सिद्ध करावी लागत नाही. हा मोठा आधार आहे. त्या करारात शेतकऱ्याला मात्र स्वतः दावा लावता येत नाही. त्याच्या वतीने भारत सरकारने राजनैतिक मार्गाने मागणी करायची असते, आणि तीही नुकसान झाल्यापासून किंवा जबाबदार देश कळल्यापासून एका वर्षात. १९६८चा सुटका करारही लोकांना माहीत असायला हवा. त्यानुसार तुकडा सापडलेल्या देशाने सोडणाऱ्या देशाला आणि संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांना कळवायचे असते. वस्तू धोकादायक असेल तर धोका दूर करणे सोडणाऱ्या देशावर बंधनकारक आहे. मालकीही त्याचीच राहते, म्हणून असा गोळा भंगारवाल्याला विकणे चूक आहे.

कॅनडाने हे करून दाखवले. २४ जानेवारी १९७८ला सोव्हिएत संघाचा अणुभट्टीवर चालणारा कॉसमॉस ९५४ उपग्रह त्यांच्या बर्फाळ उत्तर भागात कोसळला. कॅनडाने शोध आणि सफाईचा हिशेब ठेवला, सुमारे ६० लाख कॅनेडियन डॉलर मागितले आणि १९८१मध्ये ३० लाख मिळवले. एवढ्या बलाढ्य देशाकडून अर्धी रक्कम निघाली ती कागद पक्के होते म्हणून.

आपल्याकडे कागद तलाठ्यापासून सुरू होतो. गुजरातेत तलाटी, मामलतदार आणि पोलीस ठाणे यांच्याकडे या कामाचे एक पानी परिपत्रक तरी असावे. गोळ्याला हात लावू नये. तो हेलियमचा होता की हायड्रॅझिन या विषारी इंधनाचा, हे बाहेरून पाहून कळत नाही. अमोनियासारखा वास आला म्हणजे वाफ नाकात गेलेलीच असते, तेव्हा वारा ज्या दिशेने येतो तिकडे सरकून लोकांना लांब ठेवावे. तुटलेले कार्बनचे धागे कातडीत आणि श्वासात जातात. झडप शाबूत असेल तर आत दाबही असू शकतो, त्यामुळे हातोडा, करवत, कटर काही चालवू नये. (कुतूहलापोटी पहिला हातोडा मारला जातो तो बहुतेक वेळा पोलीस पोहोचण्याआधीच.)

मग पंचनामा, आणि सगळे त्यावर अवलंबून आहे. मोबाइलवरून अक्षांश-रेखांश, पडल्याची वेळ मिनिटापर्यंत, खड्ड्याची खोली, शेजारी मीटरपट्टी ठेवून चारही बाजूंनी फोटो, कोरलेले अंक-अक्षरे, आणि कोणत्या दिशेने आवाज किंवा उजेड आला याचे साक्षीदारांचे जबाब. जवळच्या दुकानाचा सीसीटीव्ही असेल तर चित्रण जपावे आणि त्याचे घड्याळ किती पुढे-मागे आहे तेही लिहावे. वेळेवर इतका भर देण्याचे कारण असे की, तुकडा कोणाचा हे ठरते ते त्या मिनिटाला आपल्या डोक्यावरून कोणाची कक्षा जात होती यावरून. वेळेत तासाचा गोंधळ झाला तर दुसरा देश सहज हात वर करू शकतो. वस्तू धुऊ नये, स्वच्छ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून सीलबंद करावी, आणि ती कोणाच्या हातून कोणाकडे गेली याची नोंद तुटू देऊ नये. पीक किंवा छपराचे नुकसान त्याच दिवशी रुपयांत लिहावे. तपासणीसाठी अहमदाबादेत भौतिक संशोधन प्रयोगशाळा आणि इस्रोचे अंतराळ उपयोग केंद्र आहे. बडोद्याहून दोन तासांची वाट.

आपण फक्त तक्रारदार नाही, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. जुलै २०२३मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर लागलेले मोठे नळकांडे आपल्या पीएसएलव्ही या रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचे असावे, असा निष्कर्ष तिथल्या अंतराळ संस्थेने काढला. दुसरीकडे, ७ मार्च २०२३ला इस्रोने मेघा-ट्रॉपिक्स-१ हा सुमारे हजार किलोचा उपग्रह ठरवून प्रशांत महासागरावर उतरवला. तो तशा उतरवणीसाठी बांधलेलाही नव्हता, आणि सोडून दिला असता तर शंभर वर्षे वर फिरत राहिला असता. २०३०पर्यंत कचरामुक्त मोहिमांचे लक्ष्यही भारताने जाहीर केले आहे. या कामाचे मला मनापासून कौतुक वाटते.

म्हणूनच संयुक्त राष्ट्रांतली आपली भूमिका खटकते. उपग्रह क्षेपणास्त्राने फोडण्याच्या चाचण्या थांबवण्याचा ठराव डिसेंबर २०२२मध्ये १५५ मतांनी मंजूर झाला. चीन आणि रशिया विरोधात गेले, भारत तटस्थ राहिला. चीनने २००७मध्ये ८६५ किलोमीटरवर केलेल्या स्फोटाचे तीन हजारांहून अधिक तुकडे नोंदले गेले, त्यांतले पुष्कळ अजून फिरत आहेत. रशियाच्या नोव्हेंबर २०२१च्या चाचणीनंतर अंतराळ स्थानकातल्या सात जणांना यानांत आसरा घ्यावा लागला. आपली २७ मार्च २०१९ची चाचणी तीनशे किलोमीटरच्या आत होती, तरी काही तुकडे वर्षाहून अधिक काळ टिकले. स्वेच्छेची बंदी नको, बंधनकारक करार हवा, ही भारताची भूमिका तत्त्वाने बरोबर आहे. पण असा करार जिथे व्हायचा ती जिनिव्हाची निःशस्त्रीकरण परिषद एकमतावर चालते आणि एकमत होत नाही. आपली क्षमता एकदा सिद्ध झाली आहे. 'पुन्हा करणार नाही' म्हणण्याने काही हातचे जात नाही, आणि दुसऱ्याला जाब विचारण्याचा अधिकार भक्कम होतो.

देशातल्या कायद्याचेही तेच. अंतराळ विधेयकाचा मसुदा २०१७मध्ये सूचनांसाठी मांडला गेला, २०२३मध्ये धोरण आले, पण धोरणाच्या आधारे न्यायालयात भरपाई मागता येत नाही. आता खासगी भारतीय कंपन्याही रॉकेटे उडवू लागल्या आहेत. उद्या त्यांचा टप्पा परक्या देशात कोणाच्या घरावर पडला तर करारानुसार पैसे भारत सरकार, म्हणजे करदाता, भरणार. परवान्यासोबत विम्याची सक्ती आणि कंपनीकडून वसुलीची मर्यादा संसदेने ठरवून द्यावी. गुजरात सरकारने तोवर थांबू नये. परिपत्रक तर या पावसाळ्याआधीही निघू शकते.

आपला,
एक वाचक
दांडिया बाजार, बडोदे