बिल झीरो होतं म्हणे, पण दुपारी लाइट गेली की?

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत छतावरच्या सोलरबद्दल लेख होता, वाचला, आकडे बरोबर होते, फोटोही छान होता, पण वाचताना सारखं वाटत होतं की हे सगळं इंदूरच्या पक्क्या स्लॅबच्या घरात बसून लिहिलंय. आम्ही दोघं रिटायर झाल्यावर रामबागेतलं घर मुलाकडे सोपवून सांवेर तहसीलीतल्या सासऱ्यांच्या घरी येऊन राहिलो, त्याला आता चार वर्षं होतील, आणि दीड वर्षापूर्वी आम्हीही सोलर लावलाय. म्हणून म्हटलं गावातली बाजूही कोणीतरी लिहावी. पत्र थोडं लांबेल, कापायचं असेल तर कापा, पण हिशोब कापू नका.

आधी खर्च सांगते कारण सगळे तेच विचारतात. आमचा तीन किलोवॅटचा आहे, ५४० वॅटची सहा पॅनेल, एकेक २७-२८ किलोचं, त्याखाली लोखंडी स्ट्रक्चर, इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात चालेल अशी करून देणारं यंत्र), अर्थिंग, नेट मीटर (आपण घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारं) सगळं धरून १ लाख ९० हजार झाले. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला ३०-३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार अशी सबसिडी आहे, म्हणजे ७८ हजार, त्याच्या वर कितीही मोठा लावा ७८ च मिळतात. ते आमच्या खात्यात आले, वेळ लागला पण आले, खोटं कशाला बोलू. म्हणजे खिशातून गेले १ लाख १२ हजार. आधी आमचं बिल महिन्याला २८० युनिटच्या आसपास, बावीसशे-तेवीसशे रुपये यायचं (दोन फ्रिज आहेत, एक सासूबाईंच्या वेळचा, तो बंद करायला हे तयार नाहीत, असो). आता तीनशेच्या आसपास येतं. झीरो येत नाही. फिक्स चार्ज वगैरे राहतातच, पण जाहिरातीत ते कोणी छापत नाही. तरी महिन्याला एकोणीसशे-दोन हजार वाचतात, म्हणजे पाच वर्षांत पैसे वसूल, आणि पॅनेलची वॉरंटी २५ वर्षांची. मधे एकदा इन्व्हर्टर बदलावा लागेल तो खर्च धरून ठेवायचा. आमच्यासाठी सौदा वाईट नाही, हे आधीच सांगते, नाहीतर लोक म्हणतील बाई सोलरच्या विरोधात आहे.

आता खरी गोष्ट. सोलर लागल्यावर आठवड्याभरात एकदा दुपारी बाराला लाइट गेली. डोक्यावर मे महिन्याचं ऊन, कर्कवृत्त इथून किती लांब, उज्जैनच्या जरा पलीकडे, ऊन आम्हाला कमी नाही. छतावर सहा पॅनेल चमकतायत आणि खाली पंखा बंद. मला वाटलं काही बिघडलं. ज्याने लावलं त्याला फोन केला तर तो म्हणतो, मॅडम, लाइट आएगी तो सोलर भी चालू हो जाएगा. मी दोनदा विचारलं, मला वाटलं मीच चुकीचं ऐकतेय.

पण तो खरं सांगत होता. सबसिडीत जो लावतात तो बहुतेक ऑन-ग्रिड असतो, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला (ग्रिडला) जोडलेला. त्याचा इन्व्हर्टर ग्रिडचं व्होल्टेज बघून त्याच्याशी ताल धरून चालतो, ग्रिड गेलं की तो मुद्दाम स्वतःला बंद करतो. मुद्दाम, कारण समजा लाइनमन खांबावर चढलाय, त्याने मागून लाइन बंद केलीय आणि आमच्या छतावरून उलटा करंट तारेत गेला तर तो बिचारा तिथेच चिकटेल. म्हणजे नियम बरोबरच आहे, माझी त्याच्याबद्दल काही तक्रार नाही. तक्रार ही की विकायला तीन वेळा घरी येऊन, माझ्या हातचे पोहे खाऊन गेलेल्या माणसाने हे एक वाक्य तिन्ही वेळेला सांगितलं नाही. शहरात हे चालून जातं, तिथे लाइट जाते कितीशी. गावात माणूस सोलर घेतो तेव्हा त्याच्या मनात बिल दुसऱ्या नंबरवर असतं, पहिल्या नंबरवर असतं की लाइट गेली तरी आपल्याकडे राहील, आणि नेमकं तेच यात नाही.

बरं, लाइट असली तरी सगळं सुरळीत असं नाही. रब्बीत गव्हाला पाणी द्यायच्या दिवसांत मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज इतकं पडतं की ट्यूबलाइट नुसती डोळे मिचकावते, आणि कधी दुपारी कोणाचाच लोड नसला की उलटं चढतं. दोन्ही वेळेला व्होल्टेज मर्यादेच्या बाहेर गेलं म्हणून इन्व्हर्टर लाइन सोडतो, मग थोडा वेळ थांबून परत जोडतो. त्यात मार्चमध्ये थ्रेशरचा भुसा, एकदा गावात काढणी सुरू झाली की पॅनेलवर पिवळी साय बसते, पंधरा दिवसांनी धुवावंच लागतं आणि नेमकं तेव्हाच बोरिंगचं पाणी खाली गेलेलं असतं. सकाळी लवकर धुवायचं, तापलेल्या काचेवर गार पाणी टाकायचं नाही, हे मी चुकून शिकले. कागदावर एक किलोवॅटला रोज सरासरी ४ युनिट धरतात, म्हणजे आमचे वर्षाला ४३०० च्या वर व्हायला हवेत. पहिल्या वर्षी मोबाइलवरच्या ॲपने दाखवले ३६००. आमची गरज भागली म्हणून चाललं. आणि वरचे युनिट उरले तरी मार्चअखेर त्यांचा जो भाव लावतात तो आपण भरतो त्याच्यापेक्षा कमीच, तेव्हा मोठा लावून वीज विकू आणि कमवू हे डोक्यातून काढा.

मग बॅटरी लावा ना, असं माझा मुलगा फोनवर म्हणतो. हायब्रिड इन्व्हर्टर (ग्रिड आणि बॅटरी दोन्हीवर चालणारा) आणि लिथियमची पाच युनिटची बॅटरी, आम्हाला वरचे एक लाख तीस हजार सांगितले, आणि बॅटरीला वेगळी सबसिडी नाही. म्हणजे पाच वर्षांत वसूल होणारी गोष्ट दहा-अकरा वर्षांवर गेली, तोवर बॅटरीच म्हातारी व्हायची. आम्ही जुना घरगुती इन्व्हर्टर आणि ट्यूब्युलर बॅटरी तशीच ठेवलीय, पंखे-दिवे त्याच्यावर. बोरिंगची एक हॉर्सपॉवरची मोटर त्यावर उचलत नाही, म्हणून छतावरची टाकी सकाळी लाइट असताना भरून ठेवायची, सोलरच्या आधी ठेवायचो तशीच.

यात शहाणपणा केला तो माझ्या दिराने. त्याचं बिल तसं कमीच, त्याने सबसिडी-बिबसिडीच्या भानगडीत न पडता घरात होत्या त्याच इन्व्हर्टर-बॅटरीला दोन छोटी पॅनेल आणि एक चार्ज कंट्रोलर (पॅनेलमधून बॅटरी नीट भरणारा डबा) जोडून घेतला, इलेक्ट्रिशियनच्या मजुरीसकट १८ हजार. त्याचा ग्रिडशी काही संबंध नाही, म्हणून लाइट गेली तरी दिवसा पॅनेल बॅटरी भरत राहतात, तीन पंखे, चार दिवे, वायफाय आणि टीव्ही चालतो. भर दुपारी लाइट गेली की आम्ही १ लाख १२ हजार घालवलेले लोक उठून १८ हजारवाल्याच्या ओसरीवर जाऊन बसतो. जाऊबाई चहा करतात आणि वर हसतात.

पण सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते मागच्या घरातल्या मुलाचं, त्याच्यासाठी खरं तर हे पत्र लिहितेय. तो सांवेर रोडच्या कारखान्यात कामाला जातो, घरात दोन पंखे, टीव्ही, छोटा फ्रिज, महिन्याला ९०-१०० युनिट. आपल्या मध्य प्रदेशात राज्य सरकारची अटल गृह ज्योती योजना आहे, महिन्याला १५० युनिटच्या आत राहिलं की पहिल्या १०० युनिटचे फक्त १०० रुपये. त्याचं बिल येतं शंभर रुपये! आणि त्याला दोन किलोवॅट विकायला आले होते. १ लाख ३० हजार, सबसिडी ६०, उरलेल्या ७० हजारांचं बँकेचं लोन, सात टक्क्यांनी पाच वर्षं म्हटलं तर हप्ता जवळजवळ चौदाशे. शंभर रुपयांचं बिल वाचवायला महिन्याला चौदाशे. आणि पोरगा फॉर्मवर सही करायला निघाला होता, कारण त्याला सांगितलं होतं की सरकार पुढे ही सवलत बंद करणार आहे. कोण म्हणालं, कधी म्हणालं, काही नाही, नुसतं बंद करणार आहे. मी शाळेत सव्वीस वर्षं गणित शिकवलंय, ओट्यावर बसवून पाटीवर लिहून दाखवलं तेव्हा पटलं. मे-जूनमध्ये कूलर चालला आणि १५० च्या वर गेलं की सवलत जाते आणि बिल एकदम हजाराच्या घरात उडी मारतं हे खरंय, पण ते वर्षातले दोन महिने. त्या दोन महिन्यांसाठी साठ हप्ते कोणी भरत नाही.

मला यात गंमत वाटते ती ही, की एक सरकार बिलावर सवलत देतं, दुसरं पॅनेलवर देतं, आणि एकाच घरात दोन्ही आल्या की एकमेकींना खाऊन टाकतात. जितकी स्वस्त वीज तितका सोलर महाग पडतो. म्हणजे ही योजना खऱ्या अर्थाने कोणाच्या कामाची, तर ज्याचं बिल अडीचशे-तीनशे युनिटच्या वर आहे, ज्याच्याकडे पक्कं छत आहे आणि ज्याच्याकडे लाख-सव्वा लाख आहेत किंवा बँकेत पत आहे त्याच्या, आमच्यासारख्या पेन्शनवाल्यांच्या. गावात अशी घरं मोजून पंधरा-वीस निघतील. बाकीच्यांचं छत कवेलूचं (कौलांचं) नाहीतर पत्र्याचं. तीन किलोवॅटला सावली न पडणारी तीनशे चौरस फूट जागा लागते. मातीच्या भिंतींवर आणि बल्ल्यांवर टेकलेलं कवेलूचं छत ते दीडशे-पावणेदोनशे किलो आणि वर वाऱ्याची ओढ कशी झेलणार. अंगणात खांब रोवून लावता येतं, पण मग स्ट्रक्चरचा खर्च वाढतो, आणि आमच्याकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात काय सरळ उभं राहतं ते आमच्या कुंपणाला विचारा.

आणि कागद. आमचं मीटर सासऱ्यांच्या नावावर होतं, ते जाऊन अकरा वर्षं झाली. अर्जाला बिल ज्याच्या नावाचं त्याचंच लागतं, म्हणून आधी नाव बदला, त्यासाठी घर कोणाचं ते दाखवा, आणि गावठाणातल्या घराची कधी रजिस्ट्री असते का हो? स्वामित्व योजनेत २०२० नंतर ड्रोनने मोजणी झाली त्याचं मालकीचं कार्ड हातात होतं म्हणून सुटलो, तरी यांना चार चकरा पडल्या. ज्यांच्या घराचा भावाभावांत वाद आहे त्यांचं काय होत असेल देवजाणे.

जाता जाता, सासऱ्यांनी १९८४ साली अंगणात गोबर गॅस बांधला होता, लोखंडी डोमवाला. दोन घनमीटरच्या प्लांटला रोज ५० किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं. तेव्हा गोठ्यात सात होती, दोन्ही वेळचा स्वयंपाक त्यावर व्हायचा आणि वर शेताला स्लरी. मग जनावरं गेली, डोम गंजला, खड्ड्यात आता मधुमालती आहे. सूर्य काही गोठ्यातून विकला जात नाही तेव्हा सोलरचं असं होणार नाही, पण सर्व्हिसला माणूस नसला तर होईल. आमच्या इन्व्हर्टरचा एक एरर लाल दिवा लावून बारा दिवस बसला होता आणि इंदूरहून मेकॅनिक यायला तयार नव्हता, अंतर फक्त तीस किलोमीटर.

इंदूर महापालिकेने २०२३ मध्ये ग्रीन बाँड (पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे) काढून २४४ कोटी उभे केले, जलूदला ६० मेगावॅटच्या सोलरसाठी, नर्मदेचं पाणी उपसायची वीज त्यातून यावी म्हणून. रीवाच्या ७५० मेगावॅटच्या प्लांटला २०१७ मध्ये युनिटला २ रुपये ९७ पैसे असा पहिल्या वर्षाचा भाव लागला होता आणि तिथली काही वीज दिल्लीच्या मेट्रोला जाते. तिकडे देवासजवळ जामगोदरानीच्या टेकड्यांवर पवनचक्क्या कितीतरी वर्षांपासून फिरतायत, आम्ही नातवंडांना दाखवायला न्यायचो. म्हणजे मोठ्या प्रमाणावर जमतंय, आणि अभिमान आहेच, माळव्याला ऊन आणि वारा दोन्ही आहे. पण घराघरावर लावायचं तर गावच्या फीडरला (गावाला वीज आणणाऱ्या लाइनला) दुपारी लाइट टिकली पाहिजे, ती टिकली तर आमची सहा पॅनेलसुद्धा जास्त वीज देतील, एक रुपया जास्त खर्च न करता. माझ्या मते सबसिडी वाढवण्याआधी तिकडे पैसा लावायला हवा. वीज कंपनीच्या साहेब लोकांनी हे वाचलं तर बरं.

तुम्हाला विनंती एवढीच, पुढच्या वेळी सोलरवर छापाल तेव्हा एक चौकट टाका, की सही करायच्या आधी बारा महिन्यांची बिलं समोर ठेवा, आणि विकणाऱ्याला लाइट गेल्यावर काय होईल हे विचारून त्याच्याकडून लिहून घ्या. मागच्या घरातल्या मुलाचा मावसभाऊ पलीकडच्या गावात राहतो, त्याच्याकडेही तेच लोक गेलेत. तो या रविवारी बिलं घेऊन माझ्याकडे येतोय, पाटी धुवून ठेवलीय.

कळावे,
आपली एक जुनी वाचक
(पूर्वी रामबाग, इंदूर, हल्ली मुक्काम सांवेर तहसील)