बॅटरी खिशात नको, हँडलला बांध

हर्णै
रविवार, रात्रीचे साडेदहा

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू सहज बोलून गेलास की शृंगारतळीच्या दुकानातून रात्री घरी जाताना मोबाईलचा टॉर्च चालू करून शर्टाच्या खिशात ठेवतोस आणि तशीच सायकल मारतोस. तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं म्हणून मी काही बोललो नाही, पण तेव्हापासून डोक्यातनं जातच नाहीये. खिशातला उजेड तुझ्या प्रत्येक पॅडलबरोबर डोलतो, निम्मा शर्टावर जातो, रस्त्यावर जो काही पडतो तो चार पावलांवर. आणि पावसाचा एक सपकारा आला की तू मोबाईल आत टाकणार, म्हणजे नेमका जेव्हा उजेड पाहिजे तेव्हा अंधार. हे बंद कर रे. म्हणून आज बसून सगळं नीट लिहितोय, मोबाईलवरच टाइप करतोय, लांबेल, पण पूर्ण वाच.

तुला मी कधी सांगितलं नाही, मागच्या श्रावणात मी आसूदच्या उतारावर पडलो होतो. दापोलीहून दुकान बंद करून निघायला नऊ वाजतात, आणि आसूदचा तो पट्टा तुला माहितेय, दोन्हीकडे माड-पोफळी, दिवसासुद्धा अंधारलेलं असतं, रात्री तर आपला हातसुद्धा दिसत नाही. हँडलला एक छोटी बॅटरी बांधली होती, ती तीन बारीक पेन्सिल सेलवाली, ते सेल एका प्लॅस्टिकच्या खोबणीत बसवून आत ढकलायचे असतात ना, तीच. उजेड बरा होता. पण त्या खोबणीत सेल हलतात, खड्ड्यात चाक आपटलं की कनेक्शन सुटतं. तसंच झालं, धक्का बसला आणि बॅटरी गप्प. एकच क्षण असेल, पण डोळे उजेडाला सरावलेले असतात त्यामुळे बॅटरी गेल्यावर नुसतं काळं दिसतं, आणि साइडपट्टी पावसाने खचलेली, पुढचं चाक त्यात गेलं. कोपर सोलवटलं, गुडघ्याला चार टाके. घरी सांगितलं पाय घसरला. आईला अजून खरं माहीत नाही, तूही बोलू नकोस.

त्यानंतर मी या विषयाच्या मागेच लागलो. पहिली गोष्ट म्हणजे एकाच लांब सेलवर चालणारी बॅटरी घे. १८६५० म्हणतात त्या सेलला, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, लॅपटॉपच्या जुन्या बॅटऱ्यांत हेच असायचे. ३.७ व्होल्टचा असतो, पूर्ण चार्ज झाला की ४.२ पर्यंत जातो. एकच सेल आणि दोन्ही टोकांना स्प्रिंग असली तर खड्ड्यात उजेड लुकलुकत नाही. एका बाजूलाच स्प्रिंग असेल आणि सेल आत खुडखुडत असेल तर त्याच्याभोवती कागदाचा एक वेढा दे, घट्ट बसतो. सेल घेताना मात्र बाजारात ९९०० एमएएच (सेलमध्ये किती वीज मावते तो आकडा) लिहिलेले मिळतात, ते अजिबात घेऊ नकोस, या मापाच्या सेलमध्ये ३५०० ते ४००० च्या आसपास हद्द संपते, ९९०० छापलंय ते खोटंच. ३००० चा चांगला सेल म्हणजे साधारण ११ वॉट-तास, बॅटरी ३ वॉटवर चालवलीस तर साडेतीन तास जातील. तुझं येणं-जाणं धरून दोन दिवसांचं काम झालं. फुल्लवर ठेवलीस तर तासाभरात संपेल आणि गरमही होईल, त्याची गरज नाही. मी मधल्या मोडवर चालवतो, फुल्ल फक्त उताराला.

झूमवाली घेऊ नकोस. ती पुढे ओढून उजेड बारीक करता येतो ती दुकानात लय भारी वाटते, भिंतीवर चौकोनी ठिपका पडतो, पण सायकलवर तो ठिपका म्हणजे तेवढाच रस्ता दिसतो आणि आजूबाजूला काही नाही. बाजूने कुत्रं आलं, गुरं बसलेली असली, की अंगावर येईपर्यंत कळत नाही. शिवाय ते पुढे-मागे सरकणारं तोंड म्हणजे पाण्याला वाटच. आतला रिफ्लेक्टर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत असलेली बघ, तिचा उजेड मधे दाट आणि कडेला हळूहळू विरत जातो, रस्त्याला तोच लागतो. आणि जमलं तर जरा पिवळसर उजेडाची. निळसर पांढऱ्या उजेडात आपली तांबडी माती मेल्यासारखी करडी दिसते, लाल-तपकिरी रंग त्यात उठतच नाहीत, आणि आपल्याकडे कडेला फुरसं बसलेलं असलं तर त्याचा रंग मातीचाच असतो हे तुला मी सांगायला नको.

आता बांधायचं कसं. तुझ्या मनात केबल टाय आहे ना? नुसता टाय नको. गुळगुळीत हँडल आणि गुळगुळीत बॅटरी, दोन्ही धातू, धक्क्याने बॅटरी हळूहळू खाली मान घालते किंवा वर आभाळाकडे बघायला लागते. पंक्चरवाल्याकडून जुनी ट्यूब माग, फुकट देतो. तिची बोटभर रुंद पट्टी काप, हँडलला दोन वेढे घट्ट दे, त्यावर बॅटरी ठेव, मग तिच्यावरून दुसरी पट्टी ताणून आडवी-तिरकी आठच्या आकड्यासारखी फिरव आणि शेवट आत खोव. रबरावर रबर बसलं की हलत नाही. त्यावर मग टाय मारायचा असेल तर मार. पाण्याच्या पाइपाला लावतात ती स्क्रूची क्लिपही चालते पण तिच्याखाली रबर पाहिजेच, नाहीतर बॅटरीचं अल्युमिनियम चेपतं. तुझ्या सायकलला पुढे बास्केट आहे, तिच्या मागे बांधलीस तर रस्त्यावर जाळीची सावली पडेल, म्हणून बास्केटच्या वरून उजेड जाईल अशी बांध, ब्रेकची वायरही मधे येऊ देऊ नकोस.

पुढचं सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे रोख. आपण सगळे काय करतो, लांबचं दिसावं म्हणून बॅटरी सरळ समोर धरतो. मग समोरून बाईकवर येणारा आंधळा होतो. आपल्या रस्त्यांची रुंदी केवढी, तो आंधळा झाला की येणार कुठे, तुझ्याच अंगावर. घरी मागच्या भिंतीपासून पाच मीटरवर सायकल उभी कर. हँडलवरची बॅटरी जमिनीपासून साधारण एक मीटर असेल, तर उजेडाचा मधला ठिपका भिंतीवर अर्धा मीटर उंचीवर पडला पाहिजे. म्हणजे मोकळ्या रस्त्यावर तो दहा मीटरवर टेकतो आणि त्याच्या पुढचाही रस्ता कडेच्या फिक्या उजेडात दिसतो. ताशी वीसने जात असलास तरी सेकंदाला साडेपाच मीटर मागे पडतात, खड्डा दिसून ब्रेक दाबेपर्यंतच एक-दीड सेकंद जातो, आणि ओल्या रिमवर ब्रेक लागायला अजून वेळ. उताराला वेग कमी ठेव, ठेवच. वर जाणारा उजेड अडवायला मी बॅटरीच्या तोंडावर ट्यूबचाच एक तुकडा टोपीच्या झडपेसारखा चिकटवलाय, तेवढ्याने समोरच्याला पुष्कळ फरक पडतो.

हेल्मेटला लावू का असं तू विचारशील. दुसरी म्हणून चालेल, एकटी नको. उजेड डोळ्याच्या जवळून निघाला की खड्ड्याची सावली खड्ड्याच्या मागे लपते आणि रस्ता सपाट वाटतो. पावसात तर प्रत्येक थेंब डोळ्यासमोर चमकतो, पुढचं दिसत नाही. उलट बॅटरी जितकी खाली तितकी सावली लांब, लहान खड्डासुद्धा काळा उठून दिसतो. मी सध्या पुढच्या चाकाच्या चिमट्यावर, मडगार्डच्या बाजूला बांधून बघतोय, चिखल उडतो पण खड्डे काय सुंदर दिसतात!

बाबांच्या जुन्या सायकलचा डायनॅमो आठवतो का तुला, टायरला घासून घुर्र घुर्र करायचा? ६ व्होल्ट ३ वॉटचा होता. चढाला वेग कमी झाला की दिवा मंद, थांबलं की बंद, आणि पावसात टायर ओलं झालं की घसरायचा. तरी बाबा त्यावर वीस वर्षं दापोलीला गेले. मला तो आवाज लांबून ऐकू यायचा आणि मी आईला सांगायचो, आले.

पुढची बॅटरी ब्लिंकवर कधीच ठेवू नकोस, अंधाऱ्या रस्त्यावर अंतराचा अंदाजच येत नाही. ब्लिंक मागच्या लाल दिव्याला. आमच्या गॅलरीतनं कनकदुर्गावरचा दिवा दिसतो, तो समुद्र उजळायला नाहीये, होडीवाल्याला कळावं की किनारा इथे आहे म्हणून आहे. मागचा दिवा तसा, तू इथे आहेस हे डंपरवाल्याला कळायला. तो नसेल तर पुढे कितीही उजेड पाड, उपयोग अर्धाच.

खाऱ्या हवेचं तुला माहीतच आहे, पत्रे टिकत नाहीत तिथे बॅटरी काय टिकणार. महिन्यातून एकदा मागचं झाकण उघड, आटे फडक्याने पूस, आतली रबरी रिंग बघ, थोडं सिलिकॉन ग्रीस लाव, स्प्रिंगवर हिरवट धरलं असेल तर खोडरबराने घास. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी बूच लावायला विसरायचं नाही. भिजलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नकोस, पूर्ण वाळू दे.

आणि हिवाळ्यात इकडे ये. धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला उतर, सायकल फेरीतनं आणता येते, मी जेट्टीवर येतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये आंजर्ल्याला कासवाची पिल्लं समुद्रात सोडतात ते बघू. फक्त तिथे किनाऱ्यावर रात्री आपण दोघंही बॅटरी बंद करायची, पिल्लं उजेडाकडे वळतात आणि समुद्राची वाट चुकतात. चांदण्यात चालत जाऊ, सायकली वर रस्त्यालाच ठेवू.

ट्यूबच्या पट्ट्या कापून ठेवल्यात, पुढच्या रविवारी मी स्वतःच येतो फेरीने, बॅटरी, सेल आणि मागचा लाल दिवा सगळं घेऊन. वहिनींना सांग जेवायला आहे. तोपर्यंत रात्री उशीर झाला तर सायकल दुकानातच ठेव आणि एसटीने जा, आठवडाभराचा प्रश्न आहे. आणि हँडलवरची घंटी उजवीकडे आहे ना तुझी, ती डावीकडे सरकवून ठेव, बॅटरीला तिथे जागा लागेल.

तुझाच