गणपतीला येतोय, पण आधी हे वाचा

बेळगाव, आषाढ वद्य

तीर्थरूप आई-बाबांस,
बाळूचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, इकडे सगळे बरे आहेत. फोनवर सांगायचं तर पावसात तिकडची रेंज गायब असते, बाबांना अर्धं ऐकू येत नाही आणि आई न ऐकताच "हो हो, कळलं" म्हणते. या वेळी तेवढ्यावर भागणार नाही म्हणून लिहितोय. बाबा, एकदा मनात वाचा आणि मग आईला मोठ्यानं वाचून दाखवा.

चिऊचं रक्त वाढायला लागलंय, वजनही जरा सरकलं. गावात कुणी विचारलं की तुम्ही "गव्हाची ॲलर्जी आहे" म्हणता, तर ते तसं नाही. हा सिलिॲक नावाचा आजार. गहू, जव आणि राय (मोहरीची राई नव्हे) या धान्यांत ग्लूटेन असतं. ते पोटात गेलं की हिच्या शरीराची प्रतिकारशक्ती हिच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतली लव सपाट होते आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. लोहाचं औषध पाजून पाजून आपण थकलो तरी पोर पांढरीफटक का दिसत होती, त्याचं कारण हेच. गहू बंद केला की ती लव हळूहळू परत येते. बंद म्हणजे कायमचा बंद, आई. मोठी झाली की सुटेल, सणाला घासभर चालेल, यातलं काही खरं नाही.

बाबा, तुम्हाला इतिहासाची आवड म्हणून एक सांगतो. हे गव्हामुळे होतं हे जगाला पटलं, त्याची सुरुवात दुसऱ्या महायुद्धाच्या वेळची. हॉलंडमध्ये डॉ. विलेम डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते, त्यांना आधीपासून गव्हाचा संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिकडे भयंकर उपासमार झाली, पाव मिळेना. बाकीची मुलं खंगत होती आणि या आजाराची मुलं मात्र सुधारत होती. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. १९५० साली त्यांनी त्यावर प्रबंध लिहिला. म्हणजे ही नवीन शहरी थेरं नाहीत, हे काकांना तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर ते ऐकत नाहीत.

आणि येताना तुम्ही कॅम्पातल्या बेकरीतून टोस्ट नि खारी आणता ना, ती बंद करा. मागच्या खेपेला तुम्ही पिशवी सोडली तशी पोर आत जाऊन बसली. तुम्हाला वाटलं रुसली. ती वासापासून लांब गेली होती. खपलीचंही विचारलं होतंत. मधुमेहवाले कौतुकानं खपली घेतात, पण ती गव्हाचीच जात, तिच्यातही ग्लूटेन आहेच. आणि २०२३ साली भरडधान्यांचं वर्ष झाल्यापासून दुकानात नाचण्याची, जोंधळ्याची बिस्किटं ढिगानं आलीत. पाकीट उलटं करून बघा, कितीतरी पाकिटांवर पहिलं नाव मैद्याचं किंवा गव्हाच्या पिठाचंच असतं.

आता माझ्या उद्योगांचं. तुमच्या सूनबाईनं सगळं सांगितलंच असेल, तरी माझ्या बाजूनंही ऐका. शाळेत कुणाचा वाढदिवस झाला की चिऊ केकचा तुकडा हातात धरून घरी आणायची आणि शेजारच्या अक्कांच्या नातवाला द्यायची. ते बघवेना म्हणून मी रविवारी केक करायला घेतला. उद्यमबागेतल्या कारखान्यात दिवसभर भट्ट्या सांभाळणाऱ्या माणसाला एक केक भाजता येणार नाही होय, असं वाटलं होतं.

पहिला केक जोंधळ्याच्या पिठाचा. कुकरची शिट्टी आणि रबर काढलं, तळाला मीठ पसरलं, वर डबा. टम्म फुगला. सगळ्यांना बोलावून दाखवला, आणि झाकण काढल्यावर आमच्या डोळ्यांदेखत मधोमध बसला. मैद्यातलं ग्लूटेन ताणतं, सोड्याचा वायू आत धरून ठेवतं. जोंधळ्यात धरून ठेवणारं कुणी नाही, वायू आला तसा निघून जातो. बसला तो बसला, वर दाताखाली कचकच. पीठ वस्त्रगाळ करून रात्रभर दह्यात भिजवलं की कचकच जाते हे नंतर कळलं. मग नाचण्याचा कोको घालून केला. फुगावा म्हणून सोडा सढळ हातानं टाकला, तर अंगाचा साबण चावल्यागत चव. चिऊनं एक घास खाल्ला, पाणी प्याली आणि म्हणाली, "पप्पा, दिसायला छान झालाय."

ओव्हन आणला तरी रडगाणं तेच. वरून करपायचा, आत कच्चा. शेवटी कारखान्यातला थर्मोकपल, म्हणजे भट्टीचं तापमान मोजायची तार, घरी आणून आत सोडला. बाहेरची चकती १८० अंश म्हणत होती आणि आत २१५ च्या वर! तेव्हापासून मी चकतीवर विश्वास ठेवत नाही. त्यात हा पाऊस. केक अर्धा भाजला की लाइट जाणार, हे ठरलेलं. अर्धवट भाजून थंड झालेला केक पुन्हा भाजून सुधारत नाही, त्याचा चुरा करून दुधात घालून खावा लागतो. आम्ही खाल्ला.

पावाचं तर विचारूच नका. बाबांच्या डब्यातलं इसबगोल त्याला लागतं, हसू नका. पाण्यात टाकलं की ते चिकट होतं आणि ग्लूटेनचं काम थोडंफार करतं. थोडं कमी पडलं तर पाव भुगाभुगा होतो, जास्त झालं तर रबर. शिवाय गरम असताना कापला की सुरीला लगदा चिकटून येतो, पूर्ण गार झाल्याशिवाय आतला स्टार्च बसत नाही. पण घरात वास सुटलेला असताना लहान पोराला "थांब, गार होऊ दे" कसं सांगायचं?

बेंदराला पुरणपोळी केली ती मात्र मनाला लागली. तांदळाच्या उकडीत चिमूटभर इसबगोल घालून पारी केली. लाटताना बरी वाटली. उचलली तशी मध्ये फाटली, पुरण तव्यावर पडून काळं झालं, घरभर धूर. आई, तुझ्या हातची पोळी कागदासारखी निघते. मी तिथंच गॅस बंद केला आणि उरलेलं पुरण वाटीत काढून वर तूप सोडून पोरीपुढे ठेवलं. ती खूश. तेव्हा कुठे डोक्यात आलं, की पोळी मलाच हवी होती, तिला गोड हवं होतं.

मग तुझं धोंडस आठवलं. तुझ्या माहेरचं, कणकुंबीकडचं. पावसाळ्यात परसात तवशाची काकडी मोठी झाली की तू किसायचीस, त्याच्याच पाण्यात तांदळाची कणी, गूळ, ओलं खोबरं, वेलदोडे घालून चुलीवर आटवायचीस, आणि पातेल्याच्या झाकणावर निखारे ठेवायचीस. खाली विस्तव, वर विस्तव. आई, तो केकच होता की! मैदा नाही, सोडा नाही, अंडं नाही. कणी आधी शिजून घट्ट होते, म्हणून बसायचा प्रश्नच नाही. भाकरीच्या जुन्या पिठाला विरी नसली की तू उकळतं पाणी ओतून मळायचीस, तेही तेच. ही इंटरनेटवरची मंडळी जे महागडे गोंद घालून करायला बघतात, ते तू आधणाच्या पाण्यावर करायचीस.

केलं. ओव्हनमध्ये, वर-खाली दोन्ही कॉइल लावून. तळ करपला, कडा कडक झाल्या, पण मधला भाग अगदी तसा. चिऊनं कडासुद्धा सोडल्या नाहीत. आता मला मापं हवीत. फोनवर तू "अंदाजानं घाल" म्हणालीस. आई, तुझा अंदाज तुझ्या हातात आहे, माझ्याकडे वजनकाटा आहे. पुढच्या वेळी करशील तेव्हा कीस, कणी, गूळ सगळं घालायच्या आधी वाटीनं मोज, आणि बाबांनी लिहून ठेवायचं. कणी बासमतीची घेऊ की साध्या तांदळाची, तेही कळव. इथं वडगावकडचा बासमती मिळतो, वास छान येतो, पण चिकट किती होईल सांगता येत नाही.

आता गणपतीचं. हा भाग नीट वाचा.

गावातल्या गिरणीत चिऊसाठी काही दळू नका. गिरणीवाल्याचा दोष नाही. आधी कुणाचा गहू दळला असेल तर जात्याच्या पाळीत, पिशवीत, हवेत सगळीकडे गव्हाचं पीठ असतं आणि आपल्या जोंधळ्यात ते येतंच. आम्ही घरघंटी घेतली आहे, तिच्यात गहू पडूच देत नाही. तांदळाचं, जोंधळ्याचं, नाचण्याचं दळप मीच करून आणतो. "ग्लूटेन फ्री" छापायचं असेल तर सरकारी नियमानं किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन चालत नाही. २० मिलिग्रॅम म्हणजे चिमटीतही येणार नाही. तेव्हा "एवढ्याशानं काय होतंय" हे वाक्य घरात नको.

लाकडी पोळपाट, लाटणं, काटवट यांच्या भेगांत वर्षानुवर्षांची कणीक आहे, ते तिच्यासाठी वापरू नका. तवा आम्ही आणतो. मोदक आपल्याकडे तळणीचे होतात, ते तुम्ही करा, तिच्यासाठी मी उकडीचे करीन. तळायचंच असेल काही, तर ताज्या तेलात तिचं आधी.

मेतकुटाबद्दल सांगायचं राहिलं. तू पाठवलेला डबा तिनं आवडीनं भातावर खाल्ला आणि आठवडाभर पोट धरून होती. मग मला आठवलं की मेतकुटात मूठभर गहू असतो. तुला वाईट वाटून घेऊ नकोस, डॉक्टरांच्या कागदावर पिझ्झा होता, पास्ता होता, मेतकूट नव्हतं. थालीपिठाच्या भाजणीतही गहू असतो आणि बऱ्याच हिंगांत मैदा मिसळलेला असतो. नवी भाजणी गहू वगळून कर, दळायला मी नेतो.

राहता राहिला सत्यनारायण. प्रसादाला रव्याचा शिरा होणार आणि गल्लीतली प्रत्येक बाई तिच्या हातावर ठेवणार. प्रसादाला नाही म्हणायचं नाही, असं तुम्हीच मला लहानपणी शिकवलंत, तेव्हा तिला मी काय सांगू? बाबा, हे तुम्ही निस्तरा. एका वाटीत राजगिऱ्याचा शिरा वेगळा करा, त्याचाही नैवेद्य दाखवा आणि चिऊला तुमच्या हातानं द्या. घरातल्या मोठ्या माणसानं दिलं की कुणी काही बोलत नाही. बाकी ती तिचं बघेल. अक्कांनी तिला कन्नडमध्ये "गोधी बेडरी", म्हणजे "गहू नको हो", शिकवलंय, आता गल्लीत कुणीही काही पुढे केलं की आधी हेच म्हणते, मराठी माणसालासुद्धा. अक्का तिच्यासाठी घरच्या दळपाची कडक रोट्टी थापून ठेवतात, शेंगादाण्याच्या चटणीबरोबर. तुम्हालाही घेऊन येतो, चहात बुडवली तर टोस्टची आठवण येणार नाही.

बाबा, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळवा. आई, पावसात परसात घसरू नकोस, तवसं काढायला शेजारच्या पोराला सांग.

तुमचा,
बाळू

ता. क. : हिंग मी इथूनच आणतोय, बिनमैद्याचा. तुझी डबी आम्ही असेपर्यंत वरच्या फळीवर ठेव, हाताच्या सवयीनं आमटीत पडेल.