माझ्यासाठी बर्फ आणू नका

लेस्टर (इंग्लंड),
९ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. नमस्कार.

फराळ पोचला. चिवडा पहिल्याच दिवशी फोडला. अनारशांचा मात्र वाटेत भुगा झाला होता, तो मी दुधात घालून खाल्ला. भाऊबीजेला फोनवर दादाला म्हटलं होतं ना, एक काम उरकलंय, पत्रात लिहीन, ते हेच पत्र. मुद्दाम तुमच्या नावाने लिहितेय. दादाच्या हातात थेट पडलं तर तो अर्धं वाचून चष्मा काढून ठेवेल आणि दोन दिवस कोणाशी बोलणार नाही. आधी तुम्ही वाचा, मग त्याला सांगा. जेवणं झाल्यावर.

तर, मी माझ्या अंत्यविधीचं सगळं ठरवून पैसे भरून टाकले आहेत.

घाबरू नका, तब्येत ठणठणीत आहे. पण ह्यांच्या वेळचं तुम्हाला आठवत असेल. २०१९ च्या जानेवारीत हे गेले आणि अग्नी मिळाला सतराव्या दिवशी. इथे कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. मृत्यूची नोंद पाच दिवसांत करायची असते, मग डॉक्टरांचे कागद, मग स्मशानातली वेळ मिळायची. दोन-तीन आठवडे सहज जातात. दादा रोज रात्री फोन करून विचारायचा, "अजून नाही केलं?" जणू मीच आळस करत होते. तुमच्या गुरुजींनी दिवस मोजून दिले, तर तेरावा आधी आणि अग्नी नंतर! शेवटी तेच म्हणाले, "ताई, अग्नीपासून धरा."

त्या सतरा दिवसांत मला आणि अमेयला शंभर गोष्टी विचारल्या गेल्या. पेटी कुठल्या लाकडाची? कपडे कुठले? गुरुजी की नुसती भाषणं? ह्यांनी जन्मात या विषयावर एक अक्षर काढलं नव्हतं. अमेय म्हणाला बाबांना भीमसेन लावू, मी म्हटलं ह्यांना वसंतराव आवडायचे, आणि त्यावरून आम्ही दोघं स्वयंपाकघरात भांडलो. शवागारात बाप, आणि मायलेक गाण्यावरून भांडतायत. तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या वेळी अमेयला कोणी काही विचारता कामा नये.

इथे हे काम करून देणारे असतात, फ्युनरल डायरेक्टर म्हणतात. मी गेले तो मुलगा गुजराती, पस्तिशीतला, कोट कडक इस्त्रीचा. चहा दिला आणि पहिलाच प्रश्न, "मासी, पेसमेकर छे?" म्हटलं, आहे बाबा, तुला कसं कळलं? तर तो सगळ्यांनाच विचारावा लागतो. भट्टीत पेसमेकर फुटतो, म्हणून आधी काढून घेतात. अखंड नारळही पेटीत चालत नाही, तोही फुटतो. काचेच्या बांगड्या नकोत, प्लास्टिकची चप्पल नको. मी सगळ्याला मान डोलवत होते. आयुष्यभर विमानतळावर पिशव्या उघडून दाखवल्या, हेही तसंच चाललं होतं.

दादा दोन गोष्टी नक्की विचारणार. पहिली, पैसे बुडाले तर? पूर्वी भीती होती खरी. एक मोठी कंपनी बुडाली आणि हजारो म्हाताऱ्यांचे पैसे अडकले. २९ जुलै २०२२ पासून मात्र फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटी या इथल्या आर्थिक व्यवहारांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेची परवानगी असल्याशिवाय अशी योजना विकता येत नाही, आणि पैसे ट्रस्टमध्ये किंवा विम्यात ठेवावे लागतात. मी यादीत नाव बघूनच भरले. आकडा लिहीत नाही, तो लगेच रुपयांत गुणाकार करत बसेल. दुसरी, लाकडावर नाही का होत? न्यूकॅसलचे दविंदर घई त्यासाठी कोर्टात गेले होते आणि २०१० साली वरच्या कोर्टात जिंकलेही. उघड्या छपराच्या बांधकामात चिता कायद्यात बसते, असं कोर्टाने सांगितलं. पण मला त्याचं काही नाही. गॅस तर गॅस. अमेयला बटण दाबता येईल, तेवढं मी लिहून दिलंय. त्याच्या हातून व्हावं.

आता अस्थी. ह्यांच्या अस्थी आम्ही रामकुंडावर आणल्या, तेव्हा तुम्ही बरणी हातात घेतलीत आणि म्हणालात, "हे काय, हे तर पीठ आहे!" बरोबरच होतं तुमचं. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी अमरधाममध्ये राख सावडतात, हाड हाताला लागतं. इथे भट्टीतून निघालेलं सगळं यंत्रात दळून देतात, दोन-तीन किलो करडी भुकटी. रामकुंडात अस्थी विरतात म्हणतात, पण ह्यांच्यात विरायला उरलं काय होतं? तरी गुरुजींनी लाल फडक्यात बांधलेली नामावळी सोडली, ह्यांच्या आजोबांच्या हातची सही दाखवली, खाली अमेयला सही करायला लावली. अमेयने इंग्रजीत केली. तेवढा क्षण मात्र मला फार बरा वाटला.

माझी भुकटी इथेच सोअर नदीत सोडायची. नावेतून सोडायची रीतसर सोय आहे, गुरुजीही येतात. अमेयला वाटलं तर रविवारी काठावर जाऊन बसता येईल, व्हिसा-तिकिटाची भानगड नाही. रामकुंडावर माझं एवढंच काम, नामावळीत ह्यांच्या नावाखाली माझं नाव लिहवून घ्या. पुढच्या वर्षी सिंहस्थ सुरू होईल, त्या गर्दीत जाऊ नका, नंतर सवडीने. तुमच्यापैकी कोणी इकडे यायचीही गरज नाही. दादाच्या गुडघ्यांना ते विमान झेपणार नाही, आणि वीस-पंचवीस मिनिटांच्या कार्यक्रमासाठी एवढं कोणी येऊ नये.

हे सगळं लिहिलं तरी कायद्याने अमेयला बांधता येत नाही. मृत्युपत्राची अंमलबजावणी त्याच्याकडे, म्हणजे शेवटचा शब्द त्याचाच. ते मला ठीक वाटतं. त्याला रडायला येईल तेव्हा निदान पेटीचं लाकूड निवडावं लागणार नाही.

वहिनी, आता ज्याच्यासाठी पत्र लिहायला बसले ते.

मे १९९७. अण्णा संध्याकाळी गेले आणि दादाने फोनवर मला एकच वाक्य सांगितलं, "तू ये, आम्ही थांबतो." मी तिकिटासाठी पळापळ केली, मुंबईला उतरले, टॅक्सी केली, कसारा घाटात ट्रक उलटून दोन तास अडकले. पंचवटीतल्या वाड्यात पोचले तेव्हा तिसरा दिवस उजाडत होता. अण्णा पुढच्या खोलीत, खाली-बाजूला बर्फाच्या लाद्या, वर गोणपाट. मी त्यांच्या तोंडाकडे बघायच्या आधी माझे पाय ओले झाले. बर्फाचं पाणी भुशासकट उंबऱ्यापर्यंत आलं होतं आणि तुम्ही उकिडव्या बसून फडक्याने ते बादलीत पिळत होतात. मला बघून उठलात, पदराने हात पुसलेत, आणि म्हणालात, "आलीस? आधी पाणी पी."

दोन रात्री वाड्यात कोणाची चूल पेटली नव्हती. तुमचा बंटी दीड वर्षांचा, त्याचं दूध तुम्ही गल्लीपलीकडून गरम करून आणत होतात. हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही. शेजारच्या काकूंनी दहा वर्षांनी सहज बोलता बोलता सांगितलं. लाद्या किती आणल्या, कोणी आणल्या, मी कधी विचारलंच नाही. मुलगी आली, तोंड बघितलं, सगळं नीट झालं, असंच सगळे म्हणाले. मीही वीस वर्षं तेच म्हणत होते.

आता मी म्हणते, थांबायला नको होतं. अण्णांना त्याने काही मिळालं नाही. मला जे दिसलं ते अण्णांचं तोंड नव्हतंच हो.

म्हणून दादाला माझं सांगणं आहे, आणि तुम्हालाही. तुमच्यापैकी कोणाचं काही झालं तर माझ्यासाठी एक तास थांबायचं नाही. बंटी आहे, सून आहे, आटपून घ्या. मला फोन करा, मी इथे दिवा लावीन, दहाव्याला जमलं तर येईन, नाही जमलं तर नाही. आणि "सख्खी बहीण असून आली नाही" असं जो कोणी घाटावर बोलेल त्याला हे पत्र दाखवा.

दादाचं तर त्यात आणखी एक. नोट प्रेसमधून रिटायर झाला तेव्हापासून तो आडगावच्या मेडिकल कॉलेजला देह द्यायचं म्हणतोय, पण नुसतंच म्हणतोय. कॉलेजचा फॉर्म भरावा लागतो, आणि घरचे तयार नसतील तर भरलेल्या फॉर्मचाही उपयोग नाही. डोळे द्यायचे तर सहा तासांच्या आत. तोपर्यंत पापण्या मिटून वर ओला कापूस, डोक्यावरचा पंखा बंद. म्हणजे बहीण लंडनहून यायची वाट बघत बसलात तर ते दानही गेलं. त्याला विचारा, खरंच द्यायचंय का. द्यायचं नसेल तर तेही सांग म्हणावं, सगळ्यांना कळू दे. आणि व्हेंटिलेटर वगैरे नको असेल तर तेही लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली त्याला मान्यता दिली आणि २०२३ च्या जानेवारीत पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे सही. दादाला सह्या-शिक्क्यांची आवड आहेच.

तुमचं काय, वहिनी? तुम्हाला कोणी विचारलंय का कधी? मला कळवा. फोनवर नको, दादा शेजारी असतो. लिहून कळवा.

बंटीला आणि सूनबाईला आशीर्वाद. दादाला नमस्कार.

तुमची,
कुंदा

ता. क. त्या दिवशी तुमच्या हातातलं फडकं मोरपंखी होतं, काठ जरीचा, अर्धा उसवलेला. लग्नानंतर मी माहेरी टाकून आलेली साडी तशीच होती. तीच होती का हो ती?